फिर्यादीतला एक शब्द

रात्रीचे साडेनऊ झाले होते. फिर्यादीचा कागद मुलीच्या आईपुढे आला, तशी ती म्हणाली, "ताई, तुम्हीच बघा, मला आता अक्षर लागत नाही." मुलांवर लैंगिक अत्याचार झालेत अशा घरांसोबत पोलीस ठाण्यात जायचं काम मी आठ वर्षं करतेय. मुलगी घरीच होती. दुपारी साध्या वेशातल्या महिला अधिकाऱ्यांनी घरी येऊन तिचा जबाब घेतला होता, तोही नीट, घाई न करता.

पण फिर्यादीत लिहिलं होतं: "गैरवर्तन केले."

मुलगी असं म्हणालीच नव्हती. त्या माणसाने कुठे हात लावला हे तिने सरळ सांगितलं होतं. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठीचा कायदा, त्याचं कलम 26 म्हणतं, मूल बोलेल तसाच जबाब नोंदवा. नुसत्या "गैरवर्तना"वरून लैंगिक छळाचं कलम 12 लागू शकतं. त्यात 3 वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण किमान काहीच नाही. लैंगिक हेतूने केलेला स्पर्श म्हणजे लैंगिक हल्ला, कलम 8 खाली 3 ते 5 वर्षं. आणि मूल बाराच्या आतलं असेल तर तोच गुन्हा गंभीर ठरतो, कलम 10 खाली 5 ते 7 वर्षं. आमची मुलगी अकरा वर्षांची.

मला तेव्हा पेरूची केस आठवली. पेरू देतो म्हणून बारा वर्षांच्या मुलीला घरात नेलं होतं. जानेवारी 2021 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने म्हटलं की कपड्यांवरून स्पर्श केला, त्वचेला त्वचा लागली नाही, म्हणून पोक्सोचा लैंगिक हल्ला नाही, विनयभंग. शिक्षा तीन वर्षांवरून एकावर आली. नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला: महत्त्वाचा हेतू, कापड नव्हे. त्या दहा महिन्यांत मला झोप लागायची नाही, कारण आमच्याकडच्या बहुतेक केसेस कपड्यांवरच्याच.

"विनयभंग" या शब्दाचाच मला राग येतो. अंगावर हात टाकला जातो आणि भंग होतो म्हणे विनयाचा! प्रौढ स्त्रीसाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम 74 ला सगळे आजही तेच म्हणतात. शिक्षा 1 ते 5 वर्षं. बलात्काराला कलम 64 खाली किमान 10 वर्षं आणि 2013 पासून त्याची व्याख्याही रुंदावली आहे. पण पत्नी अठरा वर्षांवरची असेल तर नवऱ्याला 2024 मध्ये लागू झालेल्या या नव्या संहितेतही सूट आहेच. ती का ठेवली, याचं एकही उत्तर मला पटलेलं नाही.

मी अंमलदारांना म्हटलं, "साहेब, मुलीचे शब्द घाला." ते जरा चिडले, मग दुपारचा जबाब मागवून घेतला. पान पुन्हा टाइप व्हायला पाऊण तास लागला.

नवा कागद आला तेव्हा आईने तो माझ्याकडे दिला नाही. चष्मा पुसला आणि एकेका ओळीवर बोट ठेवत स्वतः वाचला. सही केली आणि म्हणाली, "याची प्रत फुकट मिळते ना? द्या."