बॅटरी बंद कर लेकरा

रात्री पावणेदोनला फोन वाजला. शिवारातल्या कोंबडीवाल्या पोराचा आवाज. "दादा, पुन्हा गेली वो लाइट. पिल्लं एकमेकांवर चढू लालीत!"

झोप उडाली. त्याच्या शेडमध्ये दोन दिवसांची पंधराशे पिल्लं होती. पहिल्या आठवड्यात पिल्लाला 33 ते 35 अंशांची ऊब लागते, ती बल्बांवर मिळते. बल्ब विझले की पिल्लं एका कोपऱ्यात ढीग करतात आणि खालची गुदमरतात. "कोळशाची शेगडी पेटव, पण पडदे सगळे बंद करू नको, धूर कोंडेल. आणि हाताने ढीग फोडत राहा," एवढं सांगून मी निघालो.

मी लातूर जिल्ह्यात वायरमन आहे. येळवस, म्हणजे आमच्याकडची वेळ अमावस्या, होऊन दोनच दिवस झाले होते, त्यामुळे काळोख गच्च. दव असं की मोटारसायकलची सीट पुसली तरी ओलीच. मदतनीस मागे बसला होता. उपकेंद्रापर्यंत पोचेतो माझी बोटं क्लचवर आखडून गेली.

ही अकरा केव्हीची लाइन सलग चौथ्या रात्री ट्रिप झाली होती, म्हणजे बिघाडामुळे आपोआप बंद पडली होती. रात्री जायची, सकाळी ऊन चढल्यावर चालू केली की दिवसभर टिकायची. तीन दिवस आम्ही दोघं खांब न् खांब पायी पाहत फिरलो. तारा ठीक, झाडाची फांदी कुठे नाही. बर्फ आमच्याकडे पडतो तो गारांचाच. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात गारांचा खच पडला होता. तसल्या वादळातला बिघाड डोळ्यांसमोर आडवा पडलेला असतो. थंडीतला लपून बसतो. तार खांबापासून अलग धरणाऱ्या चिनी मातीच्या इन्सुलेटरवर पाऊस थांबल्यापासून धूळ साचत जाते. जोराच्या पावसाने ती धुऊन जाते, दवाने मात्र तिचा चिखल होतो आणि त्यातून करंट वाट काढतो. त्यात चिनी मातीला बारीक तडा असेल तर विचारूच नका. ऊन पडलं की सगळं सुकतं, आणि खालून बघणाऱ्याला काहीच दिसत नाही.

कटपॉइंटवर, म्हणजे लाइनचे दोन भाग वेगळे करता येतात तिथे, पुढचा भाग तोडून घेतला. अलीकडची लाइन टिकली, म्हणजे बिघाड पुढच्याच अडीच किलोमीटरमध्ये होता. बॅटरीच्या उजेडात एकेक खांब बघत चाललो. एका वावरात येळवसीचा कडब्याचा कोप, म्हणजे खोपटं, अजून उभा होता. त्याच्या तोंडाशी तुराट्यांची शेकोटी, आणि शेजारी घोंगडं पांघरलेले एक मामा. सत्तरीचे तरी असतील. पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेले. हरभऱ्याला पाणी द्यायला आले होते. शेतीला थ्री फेज वीज रात्रीच्या पाळीत आली की माणसाला रात्रीच वावरात उभं राहावं लागतं, मग थंडी कितीही असो. साप-विंचवाची भीती वेगळीच. दिवसा वीज मिळावी म्हणून 2017 मध्ये सौर कृषी वाहिनीची योजना निघाली. ती प्रत्येक शिवारापर्यंत पोचलीच पाहिजे, हे मी त्या मामांचे पाय बघून म्हणतोय.

मामा म्हणाले, "बॅटरी बंद कर लेकरा. उजेडात काय दिसतंय? दोन राती झाल्या, त्या बांधावरच्या खांबाला निळं काजवं बसू लालंय."

तीन दिवस मी उन्हात फिरलो, पण रात्री इथे उभ्या असणाऱ्या माणसाला एका शब्दाने विचारलं नव्हतं.

कटपॉइंट जोडून घेतला. सगळ्यांना लांब उभं केलं आणि बॅटरी विझवली. उपकेंद्रातल्या ऑपरेटरला फोनवर म्हटलं, "एक ट्रायल घ्या, लाइन चालू करून बघा." काळोखात आधी तव्यावर पाणी पडल्यासारखा चर्र आवाज आला. मग मधल्या इन्सुलेटरच्या गळ्याशी निळी रेघ उमटली, थरथरत खालच्या लोखंडापर्यंत उतरली, आणि फट्! लाइन गेली. सापडला!

लाइन बंद ठेवून काम करायचं परमिट घेतलं, स्विच उघडून कुलूप लावलं, तारांना अर्थिंग केलं आणि वर चढलो. बोटांत जीव नव्हता. पिनचा नट गंजलेला, आणि पाना इतका गार की हातमोज्यातूनही चावत होता. दोनदा सटकला, तिसऱ्यांदा खालीच पडला. मामांनी तो उचलून शेकोटीच्या कडेला धरला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि मदतनीसाने दोरीला बांधून वर पाठवला. त्या कोमट लोखंडाने हाताला जी जान आली, ती मी विसरणार नाही. नट फिरला. नवा इन्सुलेटर बसवला, बाइंडिंगची तार गुंडाळली. उतरवलेल्या इन्सुलेटरला केसाएवढा तडा होता आणि तड्याच्या कडेने काळी जळकट रेघ.

चार चाळीसला लाइन चालू झाली आणि टिकली. मामांची मोटर घरघरली तसे ते खोरं उचलून निघाले. चहा घेऊन जा म्हणायलाही थांबले नाहीत, पाणी वाट बघत होतं.

शेडवर गेलो तर पोरगं भुश्यात गुडघ्यांवर बसलेलं, हात काळे, डोळे धुराने लाल. बाजूला घमेल्यात मेलेली पिल्लं. "सत्तावीस," तो म्हणाला. बाकीची बल्बांखाली अजून घट्ट गोळा होऊन बसली होती. आम्ही दोघं काही न बोलता बघत उभे राहिलो. दहा-पंधरा मिनिटांनी गोळ्याच्या कडेचं एक पिल्लू उठलं, पंख झटकून खाद्याच्या ताटलीकडे गेलं. मग दुसरं. मग गोळा सैल होत होत सगळ्या भुश्यावर पसरला.