स्ट्रॅटमच्या शोधात: एलिट डेंजरसमधली एक फेरी

एलिट डेंजरस या अंतराळातल्या व्हिडिओ गेममध्ये परग्रहांवरचे सजीव शोधून त्यांचे नमुने विकता येतात. स्ट्रॅटम हा त्यातलाच एक मोलाचा सजीव. एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडची उडी संपते आणि तारा एकदम अंगावर येतो. पहिलं काम वेग शून्यावर आणणं. दुसरं, आसपासचे ग्रह दाखवणाऱ्या डिस्कव्हरी स्कॅनरचं बटण भोंगा वाजेपर्यंत दाबून धरणं. एकीकडे इंधनही भरून घेतो, पण ओ, बी, ए, एफ, जी, के आणि एम या वर्गांच्या ताऱ्यांवरच. एल किंवा टी वर्गाच्या तपकिरी बटू ताऱ्याभोवती कितीही घिरट्या घाला, इंधन गोळा करणाऱ्या स्कूपमध्ये थेंब येत नाही.

मग फुल स्पेक्ट्रम स्कॅनर उघडून एकेक ग्रह स्पष्ट करून घ्यायचा. ग्रहाच्या माहितीत जैविक सिग्नलांचा, म्हणजे तिथल्या सजीवांच्या प्रकारांचा, आकडा दिसला की नवखा खेळाडू लगेच तिकडे जहाज वळवतो. मी आधी ग्रहाचा प्रकार, वातावरण आणि तापमान या तीन ओळी वाचतो. अर्धा शोध इथेच संपतो. बर्फाळ ग्रह, विरळ वातावरण आणि सिग्नल एकच, असं असेल तर तो बहुतेकदा बॅक्टेरियम या स्वस्तातल्या सजीवाचा निघतो. धातूंचं प्रमाण जास्त असलेला खडकाळ ग्रह, विरळ वातावरण आणि तापमान 165 केल्विनच्या वर, असं जुळलं तर स्ट्रॅटम टेक्टोनिकसची आशा धरायला हरकत नाही. त्याचे 1,90,10,800 क्रेडिट (खेळातलं चलन) मिळतात, आणि आपल्याआधी तिथे कुणी नोंद केली नसेल तर बोनस धरून त्याच्या पाचपट. बॅक्टेरियम एसिस 10 लाखांचा. दोन्हींसाठी उतरण्याचे कष्ट मात्र तेवढेच.

ग्रहाजवळ पोचल्यावर सर्फेस स्कॅनरने प्रोब सोडायचे. पलीकडच्या बाजूसाठी नेम ग्रहाच्या कडेच्या थोडा बाहेर धरायचा. गुरुत्वाकर्षणाने प्रोब वळून मागे जाऊन पडतो. प्रोब संपत नाहीत, त्यामुळे चुकला तरी चिंता नाही. नकाशा पूर्ण झाला की कोणकोणत्या प्रजाती आहेत ते कळतं आणि ग्रहावर रंगीत पट्टे उमटतात. या पट्ट्यांवर फार विसंबायचं नाही. 'इथे उगवू शकतं' एवढंच ते सांगतात, 'इथे आहे' असं नाही. एकेक प्रजाती निवडून पट्टे पाहायचे आणि दोन प्रजातींचे पट्टे जिथे एकमेकांवर येतात, शिवाय जिथे ऊन आहे, तिथे उतरायचं.

उतरताना ग्लाइडचा (जमिनीकडे वेगाने घसरत येण्याच्या टप्प्याचा) कोन 60 अंशांपेक्षा तीव्र झाला की ग्लाइड तुटतो. गुरुत्वाकर्षण 1 जीच्या वर असेल तर नाक खाली करून सूर मारायचा नाही. जहाज आडवं ठेवून हळूहळू खाली न्यायचं. वेग वाढल्यावर थ्रस्टर वेळेत आवरत नाहीत आणि शील्डचा पापड होतो. साधारण 2.7 जीच्या पुढे तर जहाजातून पायउतारच होता येत नाही, म्हणून तो आकडा वरूनच पाहून ठेवावा. जहाज छोटं असलेलं बरं. अ‍ॅनाकोंडासारख्या मोठ्या जहाजाला सपाट जागा शोधण्यातच पाऊण तास जातो.

सूर्य कलता असेल तेव्हा दोनएकशे मीटर उंचीवरून सावकाश उडत जावं. टसॉक या गवतासारख्या वनस्पतीचे झुबके लांब सावल्यांमुळे दुरूनच ओळखू येतात. स्ट्रॅटम म्हणजे जमिनीला घट्ट चिकटलेले सपाट थर. वरून ते खडकावर काहीतरी सांडून वाळल्यासारखे दिसतात. त्यांचा रंग ताऱ्याच्या वर्गावरून ठरतो, त्यामुळे मागच्या ग्रहावर पाहिलेला रंग इथे शोधत बसू नये. अंधाऱ्या बाजूला उतरावंच लागलं तर जहाजाची नाइट व्हिजन लावावी. बॅक्टेरियम मात्र भरदिवसाही छळतो. जमिनीवरचा चपटा डाग तो, डोंगरउतारावर तर दिसता दिसत नाही.

जमिनीवर उतरताना अंगात आर्टेमिस सूट हवा. जनुकीय सॅम्पलर त्याच सुटात असतो. एकाच प्रजातीचे तीन नमुने घ्यायचे, पण शेजारशेजारचे चालत नाहीत. स्ट्रॅटम आणि बॅक्टेरियमला 500 मीटरचं अंतर लागतं, टसॉकला 200, आणि इतर प्रजातींपैकी ऑसियसला 800, फ्युमरोलाला फक्त 100 आणि इलेक्ट्रिकीला पूर्ण 1000. कारण सरळ आहे: जवळजवळ वाढलेल्या झुबक्यांचे जनुक सारखेच, खेळाला वेगळे हवेत. 500 मीटर पायी तुडवण्यात अर्थ नाही. पहिला नमुना घेतला की पुन्हा जहाजात बसून पुढचा ठिपका गाठावा.

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. दोन नमुने झालेले असतात, तिसऱ्याच्या वाटेवर वेगळीच वनस्पती दिसते आणि हात शिवशिवतात. तिचा नमुना घेतला की आधीचे दोन्ही बाद! जागा नीट लक्षात ठेवावी, हातातली प्रजाती पुरी करावी आणि मगच तिच्याकडे वळावं.

तिसरा नमुना झाला तरी पैसे हातात पडलेले नसतात. व्हिस्टा जीनोमिक्स या नमुने विकत घेणाऱ्या कंपनीच्या काउंटरवर विकेपर्यंत तो सगळा डेटा जहाजातच असतो आणि जहाज फुटलं की त्याच्याबरोबर जातो. कोलोनिया या दूरच्या वसाहतीच्या वाटेवर, सूर्यापासून हजारो प्रकाशवर्षं लांब असताना ही गोष्ट डोक्यात पक्की हवी. वाटेत एखादा फ्लीट कॅरियर (खेळाडूच्या मालकीचं, तळासारखं प्रचंड जहाज) लागला आणि त्यावर व्हिस्टा जीनोमिक्सची सोय असली, तर मी तिथेच थांबून सगळं विकून मोकळा होतो.