पाण्याखालचं खोरं: बामणोली ते तापोळा

साताऱ्याहून कासचं पठार ओलांडून बामणोलीकडे उतरायला लागलं की कोयना धरणाचा जलाशय, शिवसागर, दिसतो. एका नजरेत मात्र तो कधीच मावत नाही. पाणी प्रत्येक घळीत, प्रत्येक ओढ्याच्या तोंडात शिरलेलं. कोयना महाबळेश्वरला उगम पावते, सह्याद्रीच्या कण्याला समांतर दक्षिणेकडे वाहते आणि हेळवाकजवळ एकदम पूर्वेला वळून कऱ्हाडला कृष्णेला मिळते. या वळणाआधीच्या चिंचोळ्या खोऱ्यात धरणाचं पाणी तुंबलंय. म्हणून जलाशय लांबीला पन्नास किलोमीटरच्या आसपास, रुंदीला मात्र बेताचाच.

मागे नोव्हेंबरात आलो होतो तेव्हा लाँच अगदी पायरीला लागत होत्या. या वेळी मे महिना. पाणी इतकं खाली गेलं होतं की भेगाळलेल्या गाळातून उतरत जावं लागलं. डाव्या हाताला गाळपेरीचा तुकडा होता. पाणी हटेल तशी लोक तिथे पिकं घेतात. समोरच्या उतारावर पाणी उतरत गेल्याच्या आडव्या रेघा, एकाखाली एक, जिन्याच्या पायऱ्यांसारख्या. हे पाणी नुसतं उन्हानं आटत नाही. डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून ते पलीकडे कोकणात पोफळीला उतरतं, जनित्रं फिरवतं आणि वाशिष्ठीतून समुद्राला मिळतं. पूर्वेला जाणारी नदी पश्चिमेलाही वाहायला लागली, ती अशी.

इथे आख्खी लाँच ठरवावी लागते. आम्ही तापोळ्यापर्यंतची ठरवली. वासोटा किल्ल्यावर जायचं असेल तर बामणोलीतच वनखात्याची परवानगी काढायची, तासा-दीड तासाचा जलप्रवास आणि मग जंगलातून चढण. तो भाग सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतो, त्यामुळे गडावर मुक्काम नाही. आणि नसावाच.

लाँच चालवणारे मामा साठीचे. आमच्यातल्या एकानं मध्येच उडी मारून पोहू का म्हणून विचारलं. मामांनी इंजिन हळू केलं. "आरं पोरा, ह्यो काय गावचा तलाव न्हाय. डोंगराचा उतार हाय ह्यो. दोन पावलं टाकलीस की तिसऱ्याला तळच न्हाय." मला हे तिथे येणाऱ्या प्रत्येकाला सांगावंसं वाटतं. काठ म्हणून आपण ज्यावर उभे राहतो ती टेकडीची कूस असते. खाली जुन्या झाडांचे बुंधे आहेत, पायाला धरून ठेवणारा गाळ आहे. लाइफ जॅकेट घाला, बंद लावा. फोटोपुरतं काढू नका.

पुढे एका वळणावर मामांनी बोट दाखवलं. पाण्याच्या कडेला दगडांची एक चौकोनी रांग वर आली होती. घराचं जोतं. जवळ गेलो तर एका कोपऱ्यात उंबऱ्याचा दगड दिसला, मधोमध झिजून खोलगट झालेला. किती पायांनी तो झिजवला असेल! धरण झालं साठच्या दशकात, आणि खोऱ्यातली कितीतरी गावं उठली. कोणी वर डोंगरावर सरकलं, कोणाला घाट उतरून ठाणे-रायगडात किंवा थेट सोलापुराकडे जमिनी मिळाल्या. भातशेती करणारा माणूस सोलापूरच्या माळरानावर कसा रुजला असेल, हा विचार दिवसभर मनातून गेला नाही. राज्यात दिवे लागले ते या उंबऱ्यांच्या जिवावर, असं मला मनापासून वाटतं.

तापोळ्याला कोयनेला सोळशी येऊन मिळते. तिथे सगळीकडे 'मिनी काश्मीर'च्या पाट्या. मला ते नाव आवडत नाही. ही जावळी आहे आणि तिला तिचं नाव पुरेसं आहे. धक्क्यावर तराफा उभा होता. त्यावर दोन जीप, एक दुचाकी आणि मांडीवर पिशवी घेतलेली एक आजी. आमच्यासाठी जो जलविहार, तोच पलीकडच्या गावांचा रोजचा रस्ता.

परतताना जोत्यापाशी मामांनी पुन्हा वेग कमी केला. डोक्यावरची टोपी काढली, हात जोडले आणि काही न बोलता लाँच पुढे काढली. तुमचं घर का, हे विचारायचं आमच्यापैकी कोणालाच धाडस झालं नाही.