एका खोलीतला एकांत: माझा एम.ए.चा लघुप्रबंध

जेंडर आणि सेक्शुॲलिटी या विषयात एम.ए. करायचं ठरवलं तेव्हा घरून पहिला प्रश्न आला तो नोकरीचा. दुसरा कोणी विचारला नाही, पण आई शेजारच्या काकूंना "समाजशास्त्रात करतेय" असं सांगू लागली. तिला मी दोष देत नाही. मी स्वतःसुद्धा पहिलं सत्र संपेपर्यंत नातेवाइकांना तेवढंच सांगत होते.

मुंबईत हा अभ्यास काल-परवा आलेला नाही. एसएनडीटी विद्यापीठात नीरा देसाईंनी १९७४ साली स्त्री-अभ्यासाचं संशोधन केंद्र सुरू केलं, ते देशातलं अशा प्रकारचं पहिलं केंद्र. त्याच वर्षी देशातल्या स्त्रियांच्या स्थितीवरचा समितीचा अहवाल सरकारला सादर झाला. नंतर २००५ मध्ये राज्य सरकारने डान्स बारवर बंदी आणली, तेव्हा या केंद्राने फोरम अगेन्स्ट ऑप्रेशन ऑफ विमेन या संघटनेबरोबर बारमध्ये नाचणाऱ्या बायकांचा अभ्यास केला. सभागृहात त्यांच्याबद्दल बरंच बोललं जात होतं. त्या कुठून आल्या, घरात कमावणारं आणखी कोण, हे त्यांनाच विचारायचं या अभ्यासकांनी ठरवलं. २००६ मध्ये उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. वर्गात हे प्रकरण शिकताना मला पहिल्यांदा कळलं की लैंगिकतेचा अभ्यास मजुरीपासून, भाड्यापासून, मुलांच्या फीपासून वेगळा काढता येत नाही.

वाचनाचं ओझं मात्र खरं आहे. मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली, आणि समोर पानन्‌पान लांब वाक्यांचं इंग्रजी. आम्ही तिघी मिळून एकच प्रकरण वाचायचो आणि मग ते मराठीत एकमेकींना समजावायचो. जे मराठीत सांगता आलं नाही ते समजलं नाही, असं आम्ही धरून चालायचो. ही युक्ती मी कोणालाही सुचवेन. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी तर सिद्धांताच्या आधी 'समाजस्वास्थ्य'चे जुने अंक चाळायला लावले. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत हे मासिक चालवलं. वाचक लैंगिक शंका लिहून पाठवत आणि कर्वे उत्तरं देत. त्या उत्तरांवरून अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये कर्व्यांची बाजू मांडायला डॉ. आंबेडकर उभे राहिले. खटला हरले, दंड झाला. ते अंक वाचताना माझी एक भीती गेली. हे प्रश्न बाहेरून आणलेले, हा अभ्यास परका, असं कोणी म्हणालं तर नव्वद वर्षांपूर्वी गिरगावा-दादरात माणसं हेच विचारत होती, हे आता मला माहीत होतं.

तिसऱ्या सत्रात विषय द्यायचा होता. मी दिला तो असा: बीडीडी चाळींमधल्या एका खोलीच्या घरांत बायकांना एकांत कसा आणि कधी मिळाला.

बीडीडी चाळी बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात बांधल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग, शिवडी. एकेक खोली १६० चौरस फुटांची, संडास मजल्यावर सामाईक. गिरणगाव तेव्हा पुरुषांचं होतं. मुंबईत बायकांची संख्या पुरुषांच्या निम्म्याहून थोडीच जास्त होती, कारण गडी मुंबईत आणि कुटुंब गावी, अशीच रीत. पुढे बायका-मुलं आली, पिढ्या वाढल्या, पण खोली तेवढीच राहिली. माझं आजोळ अशाच एका चाळीत. कुठल्या ते सांगत नाही, त्याचं कारण पुढे येईल.

मुलाखती घेण्याआधी नैतिकता समितीची मंजुरी लागते. एम.ए.च्या पातळीवर ही औपचारिकता असेल असं मला वाटलं होतं, पण समितीने पहिलाच प्रश्न विचारला तो असा: "एकांताबद्दल बोलायला तुम्ही त्यांना एकांत कुठे देणार?" खरंच, कुठे? खोलीत सासू, पॅसेजमध्ये शेजारी, गच्चीवर मुलं. मी तास ठरवले. दुपारी जेवणं उरकल्यावर, मुलं शाळेत असताना. काहींनी स्वतःच जागा सुचवली: देवळामागचा कट्टा, शिवणक्लास सुटल्यावर तिथलीच खोली. एक मावशी दवाखान्यात नंबर लावून तिथल्या बाकावर माझ्याशी बोलल्या. घरी कोणी विचारलं तर दवाखान्यात गेले होते असं सांगता येतं, म्हणाल्या.

संमतीचा फॉर्म मराठीत केला होता, तरी सही करायला बायका बिचकायच्या. पुनर्विकासाच्या काळात चाळीतलं कोणीही कागद घेऊन आलेल्या माणसाकडे संशयानेच बघतं, आणि बरोबरच आहे. मग समितीला पुन्हा अर्ज करून तोंडी संमती रेकॉर्ड करायची परवानगी घेतली. ज्यांना असा अभ्यास करायचा आहे त्यांनी ही सोय पहिल्याच अर्जात मागून ठेवावी.

बायका काय बोलल्या? मला वाटलं होतं त्यापेक्षा खूप मोकळं बोलल्या. पडदा, पोटमाळा, खाटेची आड, सासरे पॅसेजमध्ये झोपायला जाणं, मोरीत उभ्या उभ्या साडी बदलणं. "चार पोरं इथंच झाली ना, मग काय ते होतच असणार की," असं सांगून एक आजी जोरात हसल्या. पण हसू ओसरल्यावर त्या म्हणाल्या की आवाज होऊ नये म्हणून श्वास धरायची सवय अजून गेलेली नाही. त्या वाक्यापुढे मला त्या दिवशी काही विचारता आलं नाही.

लघुप्रबंधाचा गाभा मात्र मला गिरणीच्या भोंग्यात सापडला. एकांत पाळीवर अवलंबून होता. नवरा पहिल्या पाळीला, दीर तिसऱ्या, सासरे दुसऱ्या; या गणितात खोली कधी कोणाची हे ठरायचं. आणि बायकांना एकटीला मिळणारा वेळ, न्हाऊन केस वाळवत बसायचा, रडायचा, पत्र लिहायचा, तोही त्याच गणितातून निघायचा. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. संपाबद्दल आपण मजुरी, उपासमार, गावी परतलेली कुटुंबं यांबद्दल वाचतो. माझ्याशी बोललेल्या बायकांपैकी कित्येकींनी आणखी एक गोष्ट सांगितली: माणसं दिवसभर घरात बसली आणि आमचा म्हणून जो तासभर होता तो गेला. राग, दारू, हात उगारणं, सगळं त्याच १६० चौरस फुटांत. हे मी कुठल्याही पुस्तकात वाचलं नव्हतं, आणि यासाठीच एम.ए. केलं असं आज वाटतं.

लग्न न झालेल्यांसाठी तर पडदाही नव्हता. मोठी मुलगी घरात आहे म्हणून आईबापांनी एकमेकांना हात लावणं सोडलं, असं काहींनी सांगितलं. मुलगे व्यायामशाळेत किंवा मंडळाच्या ऑफिसात झोपायचे. ज्यांचं मन पुरुषांवरच होतं असे काही जण मला संस्थांमधून भेटले. त्यांनीही एकांत शोधला तो लोकलमध्ये, बागेत, समुद्राकाठी, आणि पोलिसाची शिट्टी कानाशी ठेवून.

इथे कायदा आला. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला आणि तो जागेला नसून माणसाला चिकटलेला असतो असं म्हटलं. त्याच पायावर ६ सप्टेंबर २०१८ ला प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध कलम ३७७ मधून मोकळे झाले. हे दोन्ही निकाल मला मनापासून मोलाचे वाटतात. पण त्याआधी ऑगस्ट २०१५ मध्ये याच मुंबईत मढ-अक्सा भागातल्या हॉटेलांमधून प्रौढ जोडप्यांना पोलिसांनी उचलून नेलं होतं, सार्वजनिक ठिकाणच्या असभ्य वर्तनाच्या कलमाखाली, तीही बंद खोल्यांमधून. हक्क माणसाचा असला तरी तो वापरायला दार लागतं, कडी लागते, आणि मुंबईत दाराला चौरस फुटाचा भाव आहे. माझ्या लघुप्रबंधाचं म्हणणं एवढंच होतं, आणि त्यावर मी अजून ठाम आहे.

सगळ्यात अवघड काम लिहिताना पुढे आलं. नावं बदलली की झालं, असं संशोधन-पद्धतीच्या वर्गात ऐकलं होतं. चाळीत ते पुरत नाही. "तिसरा मजला, तीन मुली, नवरा संपात गेला" एवढ्यावर अख्खी चाळ माणूस ओळखते. मॅडमनी प्रत्येक उताऱ्याला एकच कसोटी लावली: समोरच्या खोलीतली बाई हे वाचून कोणाचं ते सांगू शकेल का? सांगू शकत असेल तर उतारा बाहेर. मजले काढले, मुलांची संख्या काढली, चाळ कुठल्या भागातली तेही काढलं. काही निवेदनं एकत्र गुंफली आणि तसं स्पष्ट लिहिलं. एका बाईंची सगळ्यात बोलकी मुलाखत पूर्ण वगळली. गुण कमी झाले असतील. मला त्याची खंत नाही.

तोंडी परीक्षेत एका बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, यात सेक्शुॲलिटी कुठे आहे, हा तर घरबांधणीचा विषय. मी भोंग्याचं प्रकरण उघडून त्यातला पाळ्यांचा तक्ता समोर ठेवला. त्यांनी बराच वेळ तो पाहिला आणि पुढचे सगळे प्रश्न त्याच प्रकरणावर विचारले.

निकालानंतर रेकॉर्डिंग कबूल केल्याप्रमाणे पुसून टाकली. लघुप्रबंधाचा मराठी सारांश करून ज्यांना हवा होता त्यांना वाचून दाखवला, कारण छापील प्रत घरात ठेवणं काहींना नको होतं. आता चाळींच्या जागी टॉवर उभे राहताहेत आणि ५०० चौरस फुटांचं घर मिळतंय. आतल्या खोलीला दार असेल. ती खोली कोणाला मिळते, मुलाला-सुनेला, की शिकणाऱ्या मुलीला, की आयुष्यभर श्वास धरून झोपलेल्या आजीला, हे मला पुढच्या टप्प्यात विचारायचं आहे. पीएच.डी.चा आराखडा त्यावरच लिहिते आहे, आणि या वेळी तोंडी संमतीची परवानगी पहिल्याच अर्जात मागितली आहे.