येते हं!

"ते ठीक आहे हो, पण एवढ्याशा पोरांना तुम्ही शिकवता तरी काय?"

हा प्रश्न मला लेडीज डब्यात चौथ्या सीटवर टेकलेल्या बाईने विचारलाय, लग्नात जेवणाच्या रांगेत विचारलाय आणि बँकेत तर दरवेळी. फॉर्मवर 'शिक्षिका' वाचून काउंटरपलीकडचा माणूस आदराने विचारतो, "कितवीला?" मी सांगते, सहा महिने ते तीन वर्षं. तो क्षणभर थांबतो, मग त्याचा चेहरा मोकळा होतो. "अच्छा, पाळणाघर!"

पाळणाघर या शब्दाशी माझं भांडण नाही. पाळणा आहे, घर आहे, फक्त त्यात शिकवणारं कुणी दिसत नाही. बालवाडी म्हटलं की ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ आठवतात, त्यांनी १९४५ साली जिथे काम सुरू केलं ते बोर्डी आठवतं, पुढचं कोसबाड आठवतं. त्यांच्या पुण्याईवर बालवाडीच्या ताईला निदान मान तरी मिळतो. त्याच्या अलीकडचं वय म्हणजे नुसतं 'सांभाळणं'. २०२० च्या शैक्षणिक धोरणातली शिक्षणाच्या वर्षांची ५+३+३+४ ही मोजणीसुद्धा तिसऱ्या वर्षापासून सुरू होते. २०२४ मध्ये सरकारने तीन वर्षांखालच्या मुलांसाठी 'नवचेतना' नावाचा आराखडा काढला, तेव्हा मी हौसेने त्यातली काही पानं आमच्या मावशींना वाचून दाखवली. त्या बाटल्या उकळत होत्या. म्हणाल्या, "हे तर आपण करतोच की."

तर, तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

आमचं केंद्र गोरेगाव पूर्वेला, ऑफिसांच्या उंच इमारतींपासून चालत दहा मिनिटांवर. माझ्या खोलीत अकरा मुलं, आम्ही दोघी शिक्षिका आणि एक मावशी. मुलामागे दिवसाला चार डायपर धरले तर चव्वेचाळीस झाले. आकडा ऐकून लोक नाक मुरडतात, पण माझं निम्मं शिकवणं त्या टेबलावरच होतं. बुडापेस्टमध्ये एमी पिकलर नावाच्या बालरोगतज्ज्ञ होत्या. १९४६ पासून त्यांनी आईबापांविना वाढणाऱ्या तान्ह्या मुलांचं एक घर चालवलं. बाळाला हात लावायच्या आधी त्याला सांगा आणि मग जरा थांबा, हा त्यांचा आग्रह. प्रशिक्षणात हे ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं. सात महिन्यांच्या जिवाला सांगायचं? तरी सांगू लागले. "आता पाय उचलते हं." थांबायचं. मग उचलायचा. काही आठवड्यांनी एका दुपारी मी "पाय" एवढंच म्हटलं आणि माझा हात पोचायच्या आत तो पाय वर आला. ते बाळ आता चौथीत आहे. त्याला हे आठवत नाही, मला आठवतं.

खरा तास मात्र सकाळी साडेआठ ते नऊच्या मध्ये दाराशी भरतो.

२०१७ पर्यंत बाळंतपणाची पगारी रजा १२ आठवड्यांची होती. तीन महिन्यांची, मान जेमतेम धरणारी मुलं यायची. कायदा बदलला, पहिल्या दोन मुलांसाठी रजा २६ आठवड्यांची झाली आणि आमच्या दारात येणारं बाळ एकदम सहा-साडेसहा महिन्यांचं झालं. बसू लागलेलं, कुणाकडेही झेपावणारं. आई खूश. "रडलीसुद्धा नाही हो!" मी तेव्हाच तिला बजावून ठेवते, दोन-तीन महिन्यांनी रडेल, तेव्हा घाबरू नका. ती ऐकते आणि विसरते. आठव्या-नवव्या महिन्यात तेच बाळ आईचा कुर्ता मुठीत धरून असा टाहो फोडतं की लिफ्टमधली माणसं वळून बघतात. आईबाबांना वाटतं, इथेच काहीतरी झालंय. कुणी मारलं का? सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग मागतात. मागावंच, मला राग येत नाही. पण जे झालेलं असतं ते कॅमेऱ्यात सापडत नाही. आधी आई नजरेआड झाली की विषय संपायचा. आता बाळाला कळायला लागलंय की आई दिसत नसली तरी कुठेतरी आहे. आहे आणि इथे नाही! रडायला याहून भक्कम कारण मलाही सुचणार नाही.

त्यावर आमचा अभ्यासक्रम म्हणजे बुवा-कुक. ओढणीआड तोंड लपवायचं आणि बाहेर काढायचं, दिवसातून वीस वेळा. गेलेला चेहरा परत येतो हे पाठ होईपर्यंत. पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने यावर पुष्कळ लिहून ठेवलंय, पण आपल्या आज्या पदराआडून तेच करत होत्या.

पालकांसाठी मात्र एक अट. सटकायचं नाही. "ती खेळतेय तोवर हळूच निघते," असं म्हणणारी आई मी दारातून परत बोलावलेली आहे, तिची लोकल चुकली तरी. सांगून निघायचं, रडली तरी सांगून. आणि सांगायला आपल्या भाषेने किती सुंदर सोय केलीय बघा! निघणारं माणूस 'जाते' म्हणतच नाही, 'येते' म्हणतं. अशुभ नको म्हणून रूढ झालं असेल, पण नऊ महिन्यांच्या बाळाला सकाळी नेमकं तेवढंच ऐकायचं असतं. आमच्या खोलीतल्या गुजराती आजी निरोप देताना 'आवजो' म्हणतात. एक मल्याळी बाबा सांगत होते, त्यांच्याकडे 'पोयिट्टु वराम', म्हणजे जाऊन येतो. एवढं सगळं घरात असून दारात मात्र सगळे 'बाय' करतात. इंग्रजीची सवय लागायला हवी ना. (प्रवेशाच्या वेळी विचारला जाणारा पहिला प्रश्न इंग्रजीचाच असतो. दूध कसं गरम करता, हा चौथा किंवा पाचवा.)

आता चावण्याबद्दल. दीड ते अडीच वर्षांच्या मुलांची खोली म्हणजे कुणीतरी कुणालातरी चावणारच. मनात मावत नाही एवढं असतं आणि तोंडात शब्द असतात दहा-बारा. दात मात्र पुरेसे असतात. नवीन होते तेव्हा, एका दुसऱ्या केंद्रात, माझ्या हातून चूक झाली. गालावरचे दातांचे वळ बघून आईने विचारलं, "कोण चावलं?" आणि मी नाव सांगितलं. दोन्ही घरं एकाच टॉवरमधली, एक सातव्या मजल्यावर, एक बाराव्या. संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर विषय निघाला, रविवारी वाढदिवसाचं बोलावणं रद्द झालं, महिनाअखेर एक मूल केंद्रातून काढून घेतलं. मधल्या काळात ती दोघं एकाच घमेल्यात बसून वाळू उपसत होती.

तेव्हापासून मी नाव सांगत नाही, कितीही आवाज चढला तरी. त्याऐवजी माझं सांगते, "मला पोचायला दोन सेकंद उशीर झाला." हे ऐकून लोक जास्तच चिडतात, पण ते खरं असतं. चावणाऱ्याला मी 'सॉरी' म्हणायला लावत नाही. दीड वर्षाच्या मुलाचं सॉरी म्हणजे पोपटाचं. आधी रडणाऱ्याला जवळ घ्यायचं. मग दोघांनाही एक शब्द द्यायचा, 'नको', आणि सोबत तळहात पुढे करायचा. महिनाभर रोज, जेवताना, खेळताना, बाहुल्यांना धरूनसुद्धा. परवा एक बाबा तक्रार घेऊन आले. "तुमच्याकडे यायला लागल्यापासून ही सारखी 'नको' म्हणते. आत्याने पापा मागितला तरी 'नको'."

म्हटलं, "हो. मीच शिकवलंय."

आज्यांना शिकवणं याहून अवघड. डोकं गोल व्हावं म्हणून राईची उशी येते, गुटी मधात उगाळलेली येते. वर्षाच्या आत मध द्यायचा नाही, तान्ह्याला उताणंच झोपवायचं आणि पाळण्यात उशी नको, हे मी शक्य तितक्या गोड आवाजात सांगते. "आमची पोरं काय मेली?" हे उत्तर ठरलेलं. त्यावर काय बोलायचं ते मला अजून सापडलेलं नाही. उशी मी घडी घालून पिशवीत परत देते. द्राक्षं उभी चिरून पाठवा, हे तेवढं ऐकतात.

पगाराचं विचारू नका.

आणि एक २९ ऑगस्ट २०१७. दुपारीच पाण्याने शहर अडवलं, गाड्या थांबल्या. जवळपासचे पालक चालत येऊन मुलं घेऊन गेले, तिघं उरली. त्यातल्या एकीची आई लोअर परळला. संध्याकाळी सातला तिचा फोन आला, नंतर लागेना. पोर दोन वर्षांची. खिचडी खाल्ली, गादीवर पडली, आणि दर पाच मिनिटांनी मान वर करून विचारायची, "आई?"

"सकाळी काय म्हणाली आई?"

"येते."

हे संभाषण चाळीस वेळा तरी झालं असेल. माझा मुलगा घरी दहिसरला शेजाऱ्यांकडे होता, आणि दर वेळी 'येते' ऐकून माझ्याच पोटात खड्डा पडत होता. अकराच्या सुमारास ती झोपली. मी झोपले नाही.

सकाळी साडेसहाला बेल वाजली. आई दारात. सलवार गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेली, पायात कुणाच्यातरी पुरुषी स्लिपर. पोर उठून बसली होती, पुढ्यात स्टीलच्या वाट्या आणि झाकणं. तिने आईकडे एकदा पाहिलं, मग माझ्याकडे वळून मला बातमी दिल्यासारखं म्हणाली, "आई आली." आणि परत वाट्यांकडे वळली.

आईचा चेहरा पडला. "रागावली का माझ्यावर? ओळखत नाही का?"

"थांबा जरा," मी म्हटलं. "हातातलं काम होऊ दे तिचं."

शेवटचं झाकण दोनदा निसटलं, तिसऱ्यांदा बसलं. मग ती उठली, कोपऱ्यातून स्वतःचे बूट आणले आणि आईच्या त्या ओल्या मांडीवर दोन्ही ठेवून म्हणाली, "भूर."