किरकोळ : चप्पल, 1 जोड

मार्चचा शेवटचा रविवार आला की माझं पोट बिघडतं. बावीस वर्षं खजिनदार आहे, अजूनही बिघडतं. त्या दिवशी आमच्या मंडळाचा वार्षिक मेळावा असतो. ठाण्यातल्या वागळे इस्टेटच्या बाजूच्या वस्त्यांतल्या, म्हणजे किसननगर, लोकमान्यनगर आणि थोडी सावरकरनगरच्या मुलांसाठी आम्ही मे महिन्यात वीस दिवसांचं शिबिर घेतो. त्याचे पैसे या एका संध्याकाळी उभे राहायचे असतात. मार्च निवडला त्यालाही कारण आहे. मार्चमध्ये माणसाला करसवलत आठवते.

म्हणजे आठवायची. नव्या करप्रणालीत 80जीची, म्हणजे देणगीवरची, वजावट मिळत नाही. तेव्हापासून आमचे काही नेहमीचे चेहरे दिसेनासे झाले. देवाशप्पथ, मी नावानिशी सांगू शकतो. पूर्वी तिसऱ्या रांगेत बसून पावती दोनदा वाचणारे गृहस्थ परवा तलावपाळीला भेटले, तर म्हणाले, ‘अरे, तुमचं ते अजून चालू आहे का?’

घोडबंदर रोडवरच्यांबद्दल तर काय लिहू. ट्रॅफिकचं कारण ठरलेलं. मार्चअखेरीला आयपीएल असलं की दुसरं कारण तयार. मी दोनशे खुर्च्या सांगतो, पहिल्या दोन रांगा रिकाम्या, आणि वडे आले की मागून गर्दी.

दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, पाहुण्यांचं मनोगत हे सगळं होतं, ते होऊ द्यावं. अहवालवाचन चालू असताना मी दाराशी पावतीपुस्तक घेऊन बसलेला असतो, त्यामुळे मला त्यातलं फारसं ऐकूही येत नाही. मी थांबतो ते हिशोबासाठी.

आमच्याकडे शिबिराचा जमाखर्च मुलं वाचतात. ही प्रथा कुणी ठरवून पाडली नाही. एका वर्षी माझा घसा बसला होता, म्हणून शेजारी उभ्या असलेल्या सहावीतल्या पोराच्या हातात वही दिली. तो वाचता वाचता मध्येच आपलं घालायला लागला. ‘केळी, साठ डझन. त्यातली एक डझन येऊरच्या जंगलात माकडांनी नेली, ती आम्ही धरली नाहीत.’ सभागृह हसलं आणि त्या संध्याकाळी नेहमीपेक्षा जास्त पैसे जमले. दुसऱ्या वर्षी एकाने वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या सहलीचं बसभाडं वाचलं आणि म्हणाला, ‘16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत 34 किलोमीटर गाडी आली होती. आमची बस मुलुंड चेकनाक्यालाच तापली.’ बस आम्हीच ठरवलेली, त्यामुळे कार्यवाह जरा ओशाळले.

यात एक गंमत आहे, ती खजिनदारालाच कळते. शिबिराला रंगपेट्या, पुस्तकं, दुर्बीण मागितली की देणारे मिळतात. दुर्बिणीवर नाव कोरता येतं. पण आमचा मोठा खर्च असतो खाण्याचा आणि बसचा. मे महिन्यात शाळा बंद, म्हणजे शालेय पोषण आहारही बंद. आई-बाप दोघं कामाला. ज्यांना कोकणात किंवा घाटावर घर आहे ती मुलं एसटीने गावाला जातात, उरलेली दिवसभर खोलीत धाकट्या भावंडाला सांभाळतात. त्यांना आधी उसळपाव लागतो, मग चित्रकला. केळ्यांवर मात्र कुणाचं नाव कोरता येत नाही. एका कंपनीने सीएसआरमधून, म्हणजे कंपन्यांच्या समाजकार्याच्या निधीतून, देऊ म्हटलं होतं. त्यासाठीचा सीएसआर-1 हा नोंदणीचा अर्ज भरला, फोटो दिले, दोन वेळा सादरीकरण केलं. शेवटी त्यांनी विचारलं, ‘इम्पॅक्ट कसा मोजणार?’ आणि पैसे दुसरीकडे गेले. जाऊ दे.

करोनाची दोन वर्षं शिबिर झालंच नाही. त्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्याचा हिशोब एका सातवीतल्या मुलीने वाचला. वही तोंडासमोर इतकी धरलेली की फक्त दोन वेण्या दिसत होत्या. दूध, पाव, मटकी, गॅस, बस, प्रवेशिका, सगळं एका दमात. शेवटी ‘किरकोळ’ आलं. तिथे मी कंसात तपशील लिहिलेला असतो, पण तो वाचायचा नसतो. तिने वाचला. ‘किरकोळ. चप्पल, एक जोड, एकशे चाळीस रुपये.’ मग वही खाली घेतली आणि म्हणाली, ‘ही माझी होती. येऊरला पट्टा तुटला. ताईंनी घेऊन दिली. घरी सांगितलं नव्हतं, आई ओरडली असती, परत पाठवलं नसतं.’

तिची आई मागच्या भिंतीला टेकून उभी होती. एका बंगल्यातलं काम आटपून थेट आलेली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आमचे ऑडिटर चष्मा पुसत राहिले. कार्यक्रम संपल्यावर ती बाई माझ्या टेबलाशी आली, पदराच्या गाठीतून दीडशे रुपये काढले आणि म्हणाली, ‘पावती द्या.’ मी दिली. दहा रुपये परत द्यायला गेलो तर तिने माझ्याकडे असं बघितलं की मी ते गुपचूप पेटीत टाकले.

आता मदतनीसांचे आभार. इथे मला घाम फुटतो, कारण एका वर्षी अहवालात एक नाव राहिलं आणि त्या वहिनी पुढचे दोन मेळावे आल्या नाहीत. तेव्हापासून नावं छापायचीच नाहीत असा ठराव आहे, कामं छापायची. तर : सभागृहाचं कुलूप उघडणारे आणि रात्री अकराला लावणारे शाळेचे शिपाई. दरवर्षी ‘मागच्याच भावात’ म्हणणारे मंडपवाले. माईक शिट्टी मारायला लागला की स्वतः धावणारे साउंडवाले, आणि त्यांचा भाचा, जो खरं तर माईक नीट करतो. वडे तळणाऱ्या तिघी मावशी. चटणी चौथीची, ती वेगळी लिहायला तिनेच सांगितलंय. कॉलेजची एनएसएसची मुलं. मुख्याध्यापिका बाई. फुकट ऑडिट करणारे साहेब. पावत्या छापणारे नौपाड्यातले काका. शिबिराच्या मुलांना अर्ध्या भाड्यात सोडणारे दोन रिक्षावाले. येऊरच्या त्या ताई. 10 बीडी हे देणगीचं विवरण 31 मेपर्यंत, म्हणजे ऐन शिबिराच्या धामधुमीत, भरायचं असतं. ते भरताना माझ्या शेजारी बसून पॅन नंबर वाचून दाखवणारी माझी बायको. आणि त्या वहिनी, ज्या आता पुन्हा येतात. खुर्च्या पुसणारा मुलगा राहिला होता, तोही आला.

यंदाच्या मेळाव्याला ती दोन वेण्यांची मुलगी आली ती दहावीचे पेपर संपवून, मदतनीस म्हणून. वेण्या गेल्या, उंची माझ्या खांद्याच्या वर. मेळाव्याआधी येत्या शिबिराचं अंदाजपत्रक फळ्यावर लिहायचं काम मी तिला दिलं. दूध, पाव, मटकी, बस. सगळं माझ्या कागदाप्रमाणे. शेवटी तिने ‘किरकोळ’च्या वर एक नवी ओळ घातली : चप्पल, 3 जोड.

मी म्हटलं, ‘अगं, अजून शिबिर सुरूसुद्धा झालं नाही. कुणाची तुटलीय?’

‘काका,’ ती खडू झटकत म्हणाली, ‘येऊरला नेणार ना? तुटणारच.’