बिनचिठ्ठीच्या औषधांचं कपाट

बी.फार्म. झाल्यावर कंपनीत नोकरी धरण्याऐवजी तालुक्याच्या गावी स्वतःचं मेडिकल टाकायचं ठरवलं. गाळ्याचा भाडेकरार, नकाशा, फार्मसी कौन्सिलचं नोंदणीपत्र, प्रतिज्ञापत्र, फ्रीजचं बिल हे सगळं ऑनलाइन चढवताना वैताग आला, पण त्यात सांगण्यासारखं फारसं नाही. किरकोळ विक्रीला गाळा किमान १० चौरस मीटरचा लागतो. आमचा अगदी काठावर बसला. परवाने दोन काढावे लागतात : फॉर्म २० नेहमीच्या औषधांसाठी आणि फॉर्म २१ लस, इन्सुलिन, सीरम अशांसाठी. आता नूतनीकरणाची भानगड उरलेली नाही, दर पाच वर्षांनी रिटेन्शन फी भरली की परवाना चालू राहतो.

खरी गंमत तपासणीच्या दिवशी झाली. परवाना हातात नसल्यामुळे दुकानात औषध एकही नव्हतं. नुसती कपाटं. सुतारानं स्वतःच्या हौसेनं एका कपाटावर 'ओटीसी' (ओव्हर द काउंटर, म्हणजे बिनचिठ्ठीची औषधं) अशी चकचकीत अक्षरं चिकटवून दिली होती. ड्रग इन्स्पेक्टर साहेबांनी फ्रीजचं तापमान पाहिलं, फिरून गाळा मोजला आणि त्या कपाटासमोर येऊन थांबले.

"मॅडम, हे ओटीसी कायद्यात कुठं आहे, दाखवा बरं."

"कुठंच नाही साहेब. शेड्यूल एच, एच-वन आणि एक्स या चिठ्ठी लागणाऱ्या औषधांच्या याद्यांत जे नाही, ते चिठ्ठीशिवाय द्यायचं."

"आणि काउंटरवर उभं राहून ते ओळखायचं कसं?"

"लेबल बघून."

ते हसले आणि फॉर्म भरायला बसले.

१९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि १९४५ चे नियम उलटेपालटे करून पाहिलेत तरी 'ही औषधं चिठ्ठीशिवाय विका' अशी यादी त्यात सापडत नाही. यादी आहे ती चिठ्ठी लागणाऱ्यांची. माल आल्यावर कपाट लावायला बसले तेव्हा त्याचा अर्थ नीट उमगला. प्रत्येक पट्टी हातात घेऊन कोपरा बघायचा. डावीकडे वर 'आरएक्स' (चिठ्ठी लागते अशी खूण) आणि शेड्यूल एचचा इशारा असेल तर मागचं कपाट. आरएक्स लाल आणि इशाऱ्याभोवती लाल चौकट असेल तर एच-वन, म्हणजे वेगळा कप्पा आणि वेगळी वही. मेटफॉर्मिनसारख्या शेड्यूल जीच्या गोळ्यांवर आरएक्स नसतं, पण वैद्यकीय देखरेखीशिवाय घेणं धोक्याचं अशी सूचना असते. त्या मी 'ओटीसी'त ठेवल्या नाहीत. हा माझा निर्णय.

घोळ होतो तो मलमांपाशी. डायक्लोफेनॅकची गोळी शेड्यूल एचमध्ये, पण त्याच डायक्लोफेनॅकचं जेल चिठ्ठीशिवाय चालतं, कारण बाहेरून लावायच्या औषधांना त्या यादीतून सूट आहे. याच सुटीतून स्टिरॉइडची क्रीमं वर्षानुवर्षं सर्रास विकली गेली. गोरं व्हायला म्हणून लोक ती तोंडाला फासत. शेवटी २०१८ मध्ये १४ स्टिरॉइड क्रीमं शेड्यूल एचमध्ये आणली. आजही रोज कुणीतरी जुनी ट्यूब पुढे करून "ताई, ही द्या" म्हणतंच. दुसरी मजा व्हिक्स व्हेपोरबची. ते आयुर्वेदिक औषध म्हणून बनतं, आणि आयुर्वेदिक औषध विकायला या कायद्याखाली परवानाच लागत नाही. म्हणून ते पानटपरीवरही दिसतं.

पण टपरीवर पॅरासिटामॉल मिळतं, ते कसं? ते बहुतेक ठिकाणी नियमबाह्यच. शेड्यूल के मध्ये काही घरगुती औषधांना सूट आहे : पॅरासिटामॉल, ॲस्पिरिन, अँटासिड, बाम, ग्राइप वॉटर वगैरे. पण गावाची लोकसंख्या १,००० पेक्षा जास्त नसावी आणि माल परवानाधारकाकडून घेतलेला असावा. आमच्या बाजारपेठेतल्या किराणा दुकानांना ती सूट लागू पडत नाही. हे मी एकदा शेजारच्या शेठना सांगून पाहिलं. "तुमचं गिऱ्हाईक जातंय म्हणून बोलताय," म्हणाले. त्यातही तथ्य आहेच!

गिऱ्हाइकांशी सगळ्यात जास्त वाद 'तीच गोळी स्वस्तातल्या कंपनीची द्या' यावर होतो. चिठ्ठीवरचं औषध शेड्यूल एच किंवा एक्समधलं असेल तर मी दुसरं देऊ शकत नाही, घटक तेच असले तरी नाही. नियम तसाच आहे. डॉक्टरांकडून बदलून आणा म्हटलं की माझा मार्जिनचा डाव असावा असंच समोरच्याला वाटतं. मला विचाराल तर जेनेरिकचा (ब्रँडऐवजी मूळ घटकाच्या नावानं मिळणाऱ्या औषधांचा) एवढा उदोउदो चालू असताना हा नियम असा ठेवणं विसंगत आहे. साध्या पॅरासिटामॉलला मात्र अशी आडकाठी नाही, तिथं मी आपणहून स्वस्तातली पट्टी दाखवते.

एच-वनची वही म्हणजे डॉक्टरांचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि नग. ती तीन वर्षं जपायची. सेफिक्झिम, अल्प्राझोलाम, ट्रामाडोल सगळी त्यात. संध्याकाळच्या गर्दीत ती भरताना रांग कुरकुरते.

लेबलबद्दल माझी एक तक्रार आहे. जेनेरिक नाव ब्रँडपेक्षा दोन फाँट मोठं हवं, हे २०१८ पासून आहे. ठरावीक ३०० ब्रँडवर क्यूआर कोड आला, तोही २०२३ पासून. पण बॅच नंबर आणि एक्सपायरी चकचकीत फॉइलवर इतकी पुसट असते की ट्यूबलाइटखाली पट्टी तिरकी धरल्याशिवाय वाचता येत नाही. त्यामुळे चार गोळ्या सुट्या द्यायच्या तर मी नेहमी उलट्या टोकाकडून कापते, छापील तारखेचा तुकडा शेवटपर्यंत दुकानात राहतो. किंमत एमआरपीच्या हिशेबानं जेवढ्या गोळ्या तेवढीच. गिऱ्हाइकाच्या पाकिटावर बॅच आणि एक्सपायरी पेनानं लिहून देते. हाताखालच्या मुलाला हे जिवावर येतं, पण त्याचीही आता सवय होत चालली आहे.